चारधामला गावचा जथा निघतोय? बॅग भरण्याआधी एवढं ठरवून घ्या

गहू-हरभरा घरात आला, ऊस कारखान्याला गेला, की गावोगावी चारधामची बोलणी सुरू होतात. कोणीतरी पुढाकार घेऊन नावं लिहितो, माणशी वर्गणी ठरते, हरिद्वारपर्यंत रेल्वे आणि तिथून पुढे टेम्पो ट्रॅव्हलर असा बेत होतो. जथ्यात निम्म्याहून जास्त मंडळी साठीच्या पुढची असतात. सगळ्यांचं म्हणणं एकच, मिरगाच्या आत घरी पोचायचं. ही घाईच पुढे अंगाशी येते.

आधी उंचीचं बघू. राज्यातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, ते १,६४६ मीटर म्हणजे सुमारे ५,४०० फूट. केदारनाथ ३,५८३ मीटरवर, जवळपास पावणेबारा हजार फुटांवर आहे. म्हणजे कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली तरी केदारनाथ त्याहून वरच राहतं. यमुनोत्री, गंगोत्री आणि बद्रीनाथ ही तिन्ही ठिकाणंही दहा हजार फुटांच्या वरची. केदारनाथला एका श्वासात जेवढा प्राणवायू मिळतो, तो समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांशच असतो. वारीला रोज पंधरा-वीस किलोमीटर चालणारा माणूसही तिथे दहा पावलांवर थांबतो, तो याचमुळे. चालण्याचा सराव कामाला येतो, पण विरळ हवेची सवय त्याने होत नाही. ती सवय शरीराला दिवस देऊनच होते.

दिवसांचा हिशेब

पारंपरिक क्रम यमुनोत्री, गंगोत्री, केदारनाथ, बद्रीनाथ असा पश्चिमेकडून पूर्वेकडे जातो. केदारनाथच्या आधी दोन उंच ठिकाणं होऊन गेल्याने शरीराला थोडी ओळख झालेली असते. खरी काळजी आहे ती 'दोन धाम' करणाऱ्यांची. हरिद्वारहून निघून गुप्तकाशी, दुसऱ्या दिवशी थेट केदारनाथ, असा कार्यक्रम बरेच जण आखतात. गुप्तकाशी सुमारे १,३०० मीटरवर, गौरीकुंड सुमारे २,००० मीटरवर. तिथून एका दिवसात आणखी दीड हजार मीटरच्या वर चढून रात्री तिथेच झोपायचं, हे धडधाकट तरुणालाही जड जातं. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा डॉक्टरांचा साधारण नियम आहे. केदारनाथच्या वाटेवर तो तंतोतंत पाळता येत नाही. म्हणून निदान गुप्तकाशी-सोनप्रयाग भागात एक मुक्काम जादा धरावा आणि गौरीकुंडातून उजाडताच निघावं.

हेलिकॉप्टरने गेलं की त्रास होत नाही, हा गैरसमज आहे. चढणीचे श्रम वाचतात हे खरं, पण काही मिनिटांत माणूस एकदम उंचावर पोचतो आणि शरीराला सवयीला वेळच मिळत नाही. उतरल्यावर धावपळ न करता आधी तासभर बसून राहावं. तिकीट आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावरूनच काढावं. व्हॉट्सॲपवर 'खात्रीचं तिकीट' देणारे बहुतेक ठकसेन असतात.

एकूण कार्यक्रमात दोन दिवस मोकळे ठेवावेत. दरड कोसळली, पावसाने रस्ता अडवला, कोणी आजारी पडलं, तर ते दिवस तिथेच खर्ची पडतात. मे-जूनची गर्दी नको असेल तर पावसाळा ओसरल्यावर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा काळ बरा. गर्दी कमी, आकाश स्वच्छ, पण थंडी जास्त. अडचण एवढीच की आपल्याकडे तेव्हा सोयाबीन काढणीला आलेलं असतं. भाऊबीजेला केदारनाथचे दरवाजे बंद होतात, त्यामुळे दिवाळीनंतर जाऊ म्हणून चालत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये दरडींमुळे ही वाट टाळलेलीच बरी.

नोंदणी आणि तपासणी

उत्तराखंड सरकारकडे यात्रेची नोंदणी सक्तीची आहे. ती प्रत्येक माणसाची वेगळी, आधार क्रमांकासह आणि धामाच्या तारखेनुसार करावी लागते. तारखा भरल्या की मिळत नाहीत, म्हणून रेल्वेचं आरक्षण आणि नोंदणी एकाच बैठकीत करा. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं. नोंदणीचा कागद छापून दोन प्रती ठेवा, मोबाईलवर विसंबू नका.

निघण्याच्या महिनाभर आधी सगळ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जाऊन रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन आणि पन्नाशीच्या पुढच्यांनी ईसीजी करून घ्यावा. हिमोग्लोबिनकडे कोणी लक्ष देत नाही. आपल्याकडच्या बायकांमध्ये रक्त कमी असणं इतकं नेहमीचं झालंय की ते दुखणं वाटतच नाही. पण रक्त कमी आणि हवाही विरळ, अशी दोन्हीकडून ओढाताण झाली की धाप लवकर लागते. महिनाभरात औषधाने फरक पडू शकतो, आदल्या आठवड्यात कळून उपयोग नाही. हृदयविकार, दमा, नुकतंच झालेलं ऑपरेशन असेल तर डॉक्टरांच्या स्पष्ट होकाराशिवाय नाव घालूच नये. उंचीच्या त्रासावर अ‍ॅसिटाझोलामाइड नावाची गोळी असते. ती कोणी घ्यायची आणि किती, हे डॉक्टरांनीच सांगायचं. शेजाऱ्याने दिली म्हणून घ्यायची नाही, सल्फाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना तर ती बाधू शकते.

कोणी माघारी फिरायचं, हे घरीच ठरवा

पोहोचल्यानंतर काही तासांत, बहुधा रात्री, डोकं दुखायला लागतं, मळमळतं, जेवण नको वाटतं, झोप लागत नाही. ही सुरुवात. अशा वेळी त्याच उंचीवर विश्रांती घ्यावी, पाणी प्यावं आणि आणखी वर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागणं, सतत खोकला, ओठ निळसर होणं, किंवा चालताना झोकांड्या जाणं आणि बोलण्यात घोटाळा होणं, ही धोक्याची लक्षणं. तेव्हा दर्शन बाकी आहे, सकाळ होऊ दे, असा विचार करत बसू नये. जवळच्या वैद्यकीय मदत केंद्रात नेऊन शक्य तितक्या लवकर खाली उतरवणं हाच इलाज. बाजारात मिळणारा प्राणवायूचा छोटा डबा काही मिनिटंच पुरतो. उतरण्याची व्यवस्था होईपर्यंतचा तो आधार आहे, उतरण्याऐवजी वापरायची वस्तू नाही. कापराची पुडी हुंगल्याने बरं वाटतं असं अनेक जण सांगतात. हुंगायला हरकत नाही, पण तिच्या भरवशावर वर चढू नये.

अवघड गोष्ट वेगळीच आहे. त्रास होतोय हे म्हातारी माणसं सांगत नाहीत. 'देवाच्या दारात आलोय, आता मागं कसं फिरायचं' असं म्हणून आबा डोकेदुखी लपवतात, काकू मळमळ लपवतात. आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको, हीही भीती असते. म्हणून गावातच, सगळ्यांसमोर ठरवून घ्या. एकाचा शब्द शेवटचा असेल. त्याने 'खाली' म्हटलं की खाली. आजारी माणसासोबत कोणता तरुण उतरेल, त्याचं नाव आधीच लिहा. जीप आणि दवाखान्यासाठी वर्गणीतून वेगळी रक्कम बाजूला काढा. ट्रॅव्हल्सवाल्याकडून यात्रा सांभाळून घेणार असाल तर अर्ध्यावर परतावं लागलं तर गाडी कशी मिळेल, हेही लिहून घ्या.

दोन बॅगा

मोठी बॅग गाडीत किंवा खालच्या मुक्कामी राहील, पाठीवरची छोटी सॅक वर जाईल, अशी विभागणी करा. वर नेायचं ओझं चार-पाच किलोच्या पुढे नको. पंधरा-सोळा किलोमीटर चढण आहे आणि शेवटच्या टप्प्यात प्रत्येक किलो जाणवतो.

कपडे एकावर एक चढवता येतील असे घ्यावेत. आत अंगाला चिकटणारा गरम कपडा, त्यावर स्वेटर, वर वारा-पाऊस अडवणारं जाकीट. मे महिन्यातही तिथे रात्री पाणी गोठायच्या बेतात असतं. सुती धोतर, सुती नऊवारी भिजली की लवकर वाळत नाही आणि अंगातली ऊब काढून घेते. चढणीच्या दिवशी पातळाच्या आत गरम विजार घालावी, किंवा सरळ सलवार-कुर्ता घालावा. देवाला त्याचं काही वाटत नाही. कानटोपी, हातमोजे, लोकरी मोजांचे दोन जोड आणि पोंचो पद्धतीचा रेनकोट हवाच. सोनप्रयागला मिळणारे पातळ प्लॅस्टिकचे रेनकोट तासाभरात फाटतात. घोंगडी भिजल्यावर उचलत नाही, ती मोठ्या बॅगेतच असू द्या. सॅकमधलं सगळं सामान आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, मग सॅकमध्ये.

बूट नवे घेतले तर निदान महिनाभर गावात वापरा. रोज पाच-सहा किलोमीटर, आठवड्यातून एकदा जवळचा डोंगर किंवा टेकडी, तेच बूट घालून.

रोजची औषधं ठरलेल्या दिवसांपेक्षा पाच दिवस जास्तीची घ्या आणि ती छोट्या सॅकमध्येच ठेवा. मोठ्या बॅगेत राहिलेल्या बीपीच्या गोळीचा वर काही उपयोग नाही. इन्सुलिन गोठलं तर निकामी होतं, म्हणून ते अंगाजवळ, स्वेटरच्या आत ठेवावं. दम्याचा पंप खिशात. ओआरएस, पट्ट्या, ताप-अंगदुखीची गोळी जथ्याच्या पेटीत ठेवली तरी चालते. झोपेची गोळी आणि दारू मात्र कोणाच्याच पिशवीत नको, दोन्हींनी श्वास मंदावतो.

खाण्याला दशम्या, शेंगदाण्याची चिक्की, खारीक, चिवडा पुरतं. स्वयंपाकी बरोबर नेणाऱ्या जथ्यांनी एक लक्षात ठेवावं. वर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, डाळ उघड्या पातेल्यात शिजत नाही, कुकर लागतो. आणि गॅस सिलिंडर, स्टोव्ह रेल्वेत नेायला पूर्ण बंदी आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये मदुराईत उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या डब्यात चोरून नेलेल्या सिलिंडरमुळे आग लागून किमान ९ जणांचा जीव गेला. शेगडी हरिद्वारला भाड्याने मिळवावी.

वाटेवर

सगळे एकत्र चालूच शकत नाहीत. चार-पाच जणांच्या तुकड्या करा, प्रत्येक तुकडीत एक तरुण, आणि सगळ्यात मागे एक भरवशाचा माणूस. भीमबली आणि लिंचोली या ठिकाणी थांबून सगळे मोजायचे, मगच पुढे. प्रत्येकाच्या खिशात नाव, गाव, रक्तगट, चालू औषध, मुक्कामाचं ठिकाण आणि गाडीचा नंबर हिंदीत लिहिलेली चिठ्ठी असावी. गर्दीत चुकलेल्या म्हातारीला विचारलं तर ती गावाचंच नाव सांगते, लॉजचं नाही.

खेचरं जवळून जाताना दरीच्या बाजूला उभं राहू नका, डोंगराच्या बाजूला सरका. धक्क्याने पडण्याचे प्रकार होतात. खेचर किंवा डोली हवी असेल तर प्रशासनाच्या खिडकीवरून पावती घेऊनच. यूपीआय चालेलच असं नाही, रोख पैसे दोन-तीन जणांत वाटून ठेवा. थंडीत मोबाईलची बॅटरी झपाट्याने उतरते, पॉवर बँक आतल्या खिशात ठेवा.

आणि मावंद्याची तारीख परत आल्यावर काढा. काही घरांत निघण्याआधीच पत्रिका छापून होतात, आचारी ठरतो, पाहुण्यांना सांगावा जातो. मग रुद्रप्रयागजवळ रस्ता बंद पडला की सगळा जथा ड्रायव्हरच्या मागे लागतो, 'काही करून काढा गाडी'. गंगाजलाचा कॅन आठवडाभर जास्त देवघरात राहिला तर बिघडत नाही.