टोपली डोक्यावर, महिना मे

चुंबळ नीट बसवा. आता त्यावर आंब्यांची टोपली. मान ताठ ठेवा आणि चला. हे एलिचपूर, इमादशाहीची राजधानी. दुपार टळायला अजून अवकाश आहे. फुफाट्यानं टाचा भाजतायत, श्वास घेतला की नाकपुड्या आतून कोरड्याठाक. बाजारात उंटाची लीद, कापसाची धूळ, घाम आणि पिकलेल्या आंब्यांचा घमघमाट एकत्र. कुणीतरी बैल हाकतो, कुणी नुसताच ओरडतो. भिश्ती पखालीतलं पाणी रस्त्यावर शिंपतो, पण ओल पाहता पाहता उडून जाते. भूक लागली तर भाकर-कांदा मिळेल. ठेचा मागू नका, मिरची अजून वऱ्हाडात यायचीय.

गावाबाहेर हौजकटोरा. गोल तळ्याच्या मधोमध अष्टकोनी मनोरा. आज त्याचे तीनच मजले उभे आहेत, मूळचे पाच होते म्हणतात. मोजत बसू नका, पाय जळतायत!

पाणी ओलांडून कमानीखाली शिरता आणि अंगावरचा घाम एकदम गार लागतो. पाठीवर शिरशिरी. बाहेरची झळ तळ्यावरून येते तेव्हा पाणी वाफ होऊन उडतं आणि त्याला लागणारी धग हवेतूनच घेतं. वऱ्हाडचा उन्हाळा ठणठणीत कोरडा म्हणून हे जमतं. कोकणात नुसती चिकचिक वाढली असती. आतली तापलेली हवा वरच्या कमानींतून निघते, तिच्या जागी पाण्यावरची ओढली जाते. भिंतीला तळहात लावा. दगड अजून गारच आहे. उन्हाला त्यातून आत यायला संध्याकाळ होते.

पंखा ओढणारा कुणी नाही. वायूनं थंड होणाऱ्या छोट्या अणुभट्ट्या आखणारे आज याच भरवशावर आहेत: भट्टी बंद केल्यावरही आत उरणारी धग, वीज गेली तरी, तापून आपोआप वर चढणाऱ्या हवेनं वाहून न्यावी. तुर्भ्याच्या भाभा केंद्रानं आखलेल्या जड पाण्याच्या प्रगत भट्टीतही पाणी पंपाविनाच फिरायचं आहे.

"काऊन थांबला रे? चाल ना वर!"

पहारेकरी खेकसतो. वर लोडाला टेकलेल्या मंडळींना गारव्याचं काहीच अप्रूप नाही. ते उन्हातून टोपली घेऊन आलेल्यालाच कळतं. म्हणून हौजकटोरा पाहायचा तर मे महिन्यात, भर दुपारी, पायी जा. डिसेंबरात तो नुसता जुना मनोरा वाटेल.