‘अ फेअरवेल टू आर्म्स’: एका युद्धकादंबरीचे कूळ

अर्नेस्ट हेमिंग्वेची ‘अ फेअरवेल टू आर्म्स’ ही कादंबरी सप्टेंबर 1929 मध्ये न्यूयॉर्कच्या स्क्रिब्नर्सने प्रसिद्ध केली. इटालियन सैन्याच्या रुग्णवाहिका पथकातला अमेरिकन लेफ्टनंट फ्रेडरिक हेन्री आणि इंग्रज परिचारिका कॅथरीन बार्कली यांची ही कथा पहिल्या महायुद्धातल्या इटालियन आघाडीवर सुरू होते आणि स्वित्झर्लंडमधल्या इस्पितळात संपते. निवेदनाचा सूर असा आहे, की लेखकाने स्वतःचीच हकिगत सांगितली असे अनेक वाचक धरून चालले. ते अर्धेच खरे आहे. ऋषीचे कूळ विचारू नये म्हणतात. कादंबरीचे विचारायला हरकत नसावी.

अमेरिका एप्रिल 1917 मध्ये युद्धात उतरली, पण त्याआधीपासूनच तिथले तरुण फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवायला आपणहून जात होते. घोडागाड्यांच्या जागी मोटारी आल्याने जखमी माणूस शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत लवकर पोचू लागला होता, आणि मोटार हाकता येणारे तरुण अमेरिकेत मुबलक होते. जॉन डॉस पॅसॉस आणि ई. ई. कमिंग्ज हे पुढे लेखक म्हणून गाजलेले दोघे याच वाटेने युद्धात गेले. हेमिंग्वे तेव्हा कॅन्सस सिटीच्या ‘स्टार’ या वर्तमानपत्रात नवखा बातमीदार होता. एक डोळा अधू असल्याने सैन्यात भरती होण्याची आशा नव्हती. रेड क्रॉसला मात्र तो चालला. जून 1918 मध्ये तो मिलानला पोचला. तिथे पहिलेच काम अंगावर पडले ते शहराबाहेरच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात झालेल्या स्फोटानंतर प्रेते आणि अवयव गोळा करण्याचे. मृतांमध्ये स्त्री-कामगारच अधिक होत्या.

स्कीओ येथील पथकात त्याने रुग्णवाहिका चालवली ती जेमतेम काही आठवडे. आघाडी जवळून पाहायची हौस होती, म्हणून त्याने पियावे नदीकाठी सैनिकांना खाऊ पुरवण्याचे काम मागून घेतले. 8 जुलै 1918 च्या रात्री फोसाल्ता गावाजवळ चॉकलेट आणि सिगारेटी वाटत असताना ऑस्ट्रियन मॉर्टरचा गोळा फुटला आणि त्याच्या पायांची चाळण झाली. एकोणीस वर्षे पुरी व्हायला दोन आठवडे कमी होते. घरच्या पत्रात त्याने जखमांचा आकडा 227 कळवला. कादंबरीत हाच गोळा हेन्री आणि त्याचे चालक खंदकात बसून गार मॅकरोनी हाताने उचलून खात असताना पडतो.

त्यानंतरचा रुग्णवाहिकेचा प्रवास हा कादंबरीतला सर्वांत कठोर भाग आहे. गाडीत स्ट्रेचर एकावर एक टांगलेले असतात. वरच्या माणसाला रक्तस्राव सुरू होतो आणि रक्ताची धार थेट खालच्या हेन्रीवर पडू लागते. तो अंग चोरतो, चालकाला हाका मारतो. चालक घाट चढवत असतो. वरचे ठाणे येईपर्यंत त्याच्या हाती काहीच नसते. पुढे धार मंदावते, थेंब लांबत जातात. ठाण्यावर ते स्ट्रेचर काढून दुसरे चढवतात आणि गाडी निघते. चालक हा चालकच असे, वैद्य नव्हे; त्या व्यवस्थेतली ही उणीव हेमिंग्वेने एक शब्दही टीका न करता दाखवली आहे.

जखमी हेमिंग्वेची मिलानच्या अमेरिकन रेड क्रॉस इस्पितळात गाठ अ‍ॅग्नेस फॉन कुरोव्स्कीशी पडली. ती न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू इस्पितळात शिकलेली परिचारिका होती आणि वयाने त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. जानेवारी 1919 मध्ये तो लग्नाची स्वप्ने घेऊन मायदेशी परतला. मार्चमध्ये तिचे नकाराचे पत्र आले. हा सल त्याने आधी ‘अ व्हेरी शॉर्ट स्टोरी’ या पानदीड पानाच्या कथेत ओकून टाकला. कथा कडवट आहे आणि फारशी चांगलीही नाही. कॅथरीन घडायला आणखी काही वर्षे जावी लागली. तोवर अ‍ॅग्नेसचे बरेचसे त्यातून गळून गेले होते: कॅथरीन इंग्रज आहे, स्वयंसेवी मदत पथकातली आहे, आणि तिचा नियोजित वर सॉमच्या लढाईत मारला गेला आहे. आपली ओळख कॅथरीनशी जोडली जाणे अ‍ॅग्नेसला अखेरपर्यंत मान्य नव्हते.

कादंबरीत येणाऱ्या इटालियन सैन्याच्या कापोरेत्तोच्या माघारीचे कूळ वेगळेच आहे. 24 ऑक्टोबर 1917 रोजी ऑस्ट्रिया-जर्मनीच्या हल्ल्याने इटालियन फळी फुटली आणि अडीच लाखांहून अधिक सैनिक कैद झाले. हेमिंग्वे त्या वेळी कॅन्सस सिटीत बातम्या लिहीत होता. चिखल, पाऊस, रस्त्यात अडकलेल्या गाड्यांची रांग हे सारे त्याने पाहिले ते 1922 मध्ये, ग्रीक-तुर्की युद्धाची बातमीदारी करताना, थ्रेसमधून पळणाऱ्या निर्वासितांच्या तांड्यात. उरलेले त्याने इतिहासग्रंथ आणि नकाशांवरून उभे केले. अभ्यासक मायकल रेनॉल्ड्स यांनी 1976 मध्ये ‘हेमिंग्वेज फर्स्ट वॉर’ या ग्रंथात याचा तपशीलवार माग काढला.

कादंबरीचे लेखन 1928 च्या वसंतात सुरू झाले. 28 जूनला कॅन्सस सिटीत त्याची दुसरी पत्नी पॉलीन हिच्या दीर्घ वेणांनंतर सिझेरियन करावे लागले. मायलेक दोघेही वाचले. ऑगस्टमध्ये वायोमिंगमध्ये पहिला खर्डा पुरा झाला, त्यात मात्र मूल मृत जन्मते आणि कॅथरीन सिझेरियननंतरच्या रक्तस्रावाने दगावते. डिसेंबरमध्ये हेमिंग्वेच्या डॉक्टर वडिलांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली, आणि त्यानंतर तो पुनर्लेखनाला बसला. शेवट आपण एकोणचाळीस वेळा लिहिला असे तो पुढे म्हणाला. 2012 च्या आवृत्तीत त्याचे सत्तेचाळीस पर्याय छापले आहेत. छापला गेलेला शेवट या सर्वांहून कोरडा वाटतो, आणि तोच योग्य आहे.

‘स्क्रिब्नर्स मॅगझिन’मध्ये क्रमशः छपाई सुरू असताना बोस्टनच्या पोलिसांनी जून 1929 च्या अंकाची विक्री अश्लीलतेच्या कारणावरून बंद केली. इटलीतली अडचण निराळी होती. तिथे मुसोलिनीच्या राजवटीला खुपले ते प्रेमप्रकरण नव्हे, तर कापोरेत्तोचे वर्णन, म्हणजे लेखकाने डोळ्यांनी न पाहिलेला भाग. कादंबरीवर तिथे बंदी आली. फेर्नांदा पिव्हानो या तरुण अनुवादिकेला या पुस्तकाच्या भाषांतरापायी 1943 मध्ये तूरीनमध्ये अटक झाली. तिचे भाषांतर युद्ध संपल्यावरच छापले गेले.