मंडालेचे जव

गणेशोत्सव आला की लोकमान्यांची आठवण निघतेच. मंडपात गणरायाच्या बाजूला त्यांची तसबीर लागते, मुलांच्या भाषणस्पर्धेत त्यांच्यावर दोन-तीन भाषणे ठरलेली असतात. 'केसरी', राजद्रोहाचा खटला, मंडालेचा तुरुंग आणि 'गीतारहस्य' हे सारे आम्ही माळव्यातील मराठी घरांतून लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण मंडालेच्या त्या सहा वर्षांतली एक गोष्ट भाषणांत सहसा येत नाही. ती आहे लोकमान्यांच्या ताटातली. ती या वर्षी स्मरणिकेत मांडावी असे वाटण्याचे कारण मात्र आजचे आहे.

माधवनगरात किंवा फ्रीगंजात संध्याकाळी चार ज्येष्ठ मंडळी बाकावर टेकली की बोलणे पायांवर येते. कुणाच्या तळपायांची आग होते, कुणाला मुंग्या येतात, कुणाला रात्री पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नाही, तर कुणाच्या पायातून चप्पल निसटली तरी कळत नाही. बहुतेकांना मधुमेह असतो. मग उपायांची देवाणघेवाण सुरू होते. एकाने भात सोडलेला असतो, दुसऱ्याने मेथीचे पाणी धरलेले असते, तिसरा जवाची भाकरी खातो, चौथ्याकडे जीवनसत्त्वांच्या गोळ्यांच्या तीन बाटल्या असतात. प्रत्येक जण स्वतःच्या देहावर प्रयोग करीत असतो. या प्रयोगांची चेष्टा करण्याचे काहीच कारण नाही. त्यांना मोठा इतिहास आहे आणि त्यातले एक मानाचे पान मंडालेचे आहे.

शिक्षा आणि पथ्य

१९०८ साली लोकमान्यांना अटक झाली तेव्हा मधुमेह त्यांच्या मागे लागलेला होताच. जामिनासाठी जो अर्ज झाला, त्यात त्यांच्या प्रकृतीचे कारण पुढे केलेले होते. जामीन मिळाला नाही. २२ जुलै १९०८ च्या रात्री सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली गेली. दुसऱ्या दिवशी त्यांना ५२ वर्षे पूर्ण होत होती. काही आठवडे साबरमतीच्या तुरुंगात ठेवून सप्टेंबरात त्यांना समुद्रमार्गे ब्रह्मदेशात नेले. पुढे शिक्षा साध्या कैदेत बदलली आणि स्वयंपाकासाठी कैद्यांपैकीच एक मराठी माणूस त्यांना मिळाला. त्याचे नाव वासुदेव रामराव कुलकर्णी. मंडालेतील लोकमान्यांचा दिनक्रम आपल्याला कळतो तो बराचसा याच कुलकर्ण्यांच्या आठवणींतून.

त्या काळी मधुमेहावर औषध असे नव्हतेच. इन्शुलिनचा शोध टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी लावला तो १९२१ साली, म्हणजे लोकमान्य गेल्यावर एका वर्षाने. ते माणसाला पहिल्यांदा टोचले गेले जानेवारी १९२२ मध्ये. तोपर्यंत वैद्याच्या आणि डॉक्टरच्या हाती एकच शस्त्र होते, ते म्हणजे पथ्य. लोकमान्यांनी ते उचलले. गहू-तांदूळ बाजूला सारून ते जवाच्या पिठावर राहू लागले. त्याच पिठाच्या पुऱ्या आणि जोडीला दूध-दही, असा बेत. देशस्थ असो वा कोकणस्थ, भात-पोळीवर वाढलेल्या माणसाला हे किती जड जाते ते आपल्या घरांतल्या मधुमेह्यांना विचारावे.

या पथ्यावर त्यांनी आजार आटोक्यात ठेवला आणि त्याच काळात मोठे काम उभे केले. १९१०-११ च्या हिवाळ्यात, अवघ्या चार-पाच महिन्यांत, 'गीतारहस्या'चा खर्डा पेन्सिलीने लिहून काढला. ज्या गीतेवर ते लिहीत होते, तिच्या सहाव्या अध्यायात आहारविहाराच्या मोजमापाचा विचार आहे हे वाचकांना ठाऊकच आहे. जून १९१४ मध्ये ते सुटले. पुढे सहा वर्षे होमरूल चळवळ, प्रांतोप्रांतीचे दौरे, विलायतेचा प्रवास असे सारे झाले. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत सरदारगृहात त्यांचे देहावसान झाले.

जवच का?

जवाची निवड हवेतून आलेली नव्हती. चरकसंहितेत प्रमेहाच्या चिकित्सेत जवाला पहिला मान आहे. रोग्याचे मुख्य अन्नच जवाचे असावे असे तेथे सांगितले आहे. आजचे आहारशास्त्र याचे कारण निराळ्या शब्दांत देते. जवात बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू भरपूर असतो. पोटात तो बुळबुळीत होतो, त्यामुळे अन्नातील पिष्ट सावकाश पचते आणि रक्तातली साखर एकदम न चढता हळूहळू चढते.

युरोपातही त्या सुमारास हेच शोध चालले होते. १७९७ च्या सुमारास जॉन रोलो या लष्करी डॉक्टरने मेरेडिथ नावाच्या एका कप्तानाचे धान्य बंद करून त्याला मांसाहारावर ठेवले आणि लघवीतली साखर कमी होते हे दाखवले. १८७० साली पॅरिसला वेढा पडला, खायला अन्न मिळेना, तेव्हा बुशार्दा या डॉक्टरला दिसले की मधुमेह्यांच्या लघवीतली साखर नाहीशी होते आहे. याच बुशार्दाने रोग्यांना स्वतःची लघवी स्वतः रोज तपासायला शिकवले. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत फॉन नूर्डेनने ओटच्या पेजेचा उपचार गाजवला. लोकमान्य सुटले त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये फ्रेडरिक ॲलन मधुमेह्यांना जवळजवळ उपाशी ठेवून जगवू लागला. त्याचे रोगी जगले, पण हाडांचे सापळे होऊन. या सगळ्यांच्या शेजारी मंडालेची जवाची पुरी ठेवली म्हणजे तिचे शहाणपण लक्षात येते. तिच्यात उपासमार नव्हती आणि ती वर्षानुवर्षे निभली.

आमच्या मते तुरुंगाने या प्रयोगाला नकळत मदतच केली. एकच बदल झाला होता. रोजचे जेवण सारखे होते. बाहेर लग्नाच्या पंगती, सत्यनारायणाचा प्रसाद आणि पाहुण्यांचा आग्रह असतो. तेथे त्यातले काही नव्हते. तुरुंगात कैद्यांचे वजनही नियमाने होत असे. स्वतःवर प्रयोग करणाऱ्याला याहून चांगली सोय मिळणे कठीण.

पायांच्या नसांची गोष्ट

आता पायांकडे येऊ. मधुमेह आणि पायांच्या वेदना यांचा संबंध इंग्लंडच्या फ्रेडरिक पेव्हीने १८८५ साली नीट वर्णन करून ठेवला: जड पाय, बधिर तळवे, रात्री उठणाऱ्या कळा. वाढलेली साखर नसांना आणि नसांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्यांना इजा करते. सर्वांत लांब नसा पायाच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून दुखणे तेथूनच सुरू होते आणि मोजा चढवावा तसे वर सरकते.

पण नसांच्या दुखण्याचे मूळ प्रत्येक वेळी साखरेतच असते असे नाही. हे जगाला कळले तेही तुरुंगांमुळेच. जावा बेटात डच सरकारच्या काळी बेरीबेरीने माणसे लुळी पडत: आधी पायांना मुंग्या, मग कळा, मग पायातले बळच जाई. १८९० च्या दशकात बटाव्हियात, म्हणजे आजच्या जाकार्तात, ख्रिस्तियान आइकमान या डॉक्टरच्या लक्षात आले की पॉलिश केलेल्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्याही अशाच लुळ्या पडतात आणि कोंडा दिला की सुधारतात. मग फोर्डरमन यांनी जावातील सुमारे शंभर तुरुंगांची पाहणी केली. जेथे पांढरा सडलेला तांदूळ मिळे तेथे बेरीबेरी फार. जेथे कोंड्यासकट तांबडा तांदूळ मिळे तेथे जवळजवळ नाहीच. कोंड्यातले ते द्रव्य म्हणजे जीवनसत्त्व बी-१. आइकमानला १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आमच्या कोकणातल्या नातलगांचा उकडा तांदूळ या बाबतीत भाग्यवान म्हणायचा. भात सालीसकट उकडल्याने बी-१ दाण्याच्या आत शिरते आणि पुढे सडला तरी बरेचसे टिकते.

दुसरे जीवनसत्त्व बी-१२. ते वेगळे काढता आले १९४८ साली. ते वनस्पतींत नसते. दूध, दही, अंडी, मांस-मासे यांतून मिळते. ते कमी पडले की तळपायांना मुंग्या येतात, तोल जातो, विसरभोळेपणा वाढतो. आमच्या शाकाहारी घरांत, विशेषतः वाढत्या वयात दूध कमी झाले की ही उणीव सहज येते. त्यात मधुमेहाची नेहमीची गोळी मेटफॉर्मिन अनेक वर्षे घेतली तर बी-१२ आणखी खालावू शकते. म्हणजे एकाच माणसाच्या पायांत साखरेची इजा आणि जीवनसत्त्वाची उणीव अशी दोन दुखणी एकत्र नांदू शकतात. साखर कितीही सुधारली तरी दुसरे दुखणे तसेच राहते. बाकावरच्या चर्चेतून हे कळणार नाही. रक्ताच्या साध्या तपासणीतून कळेल.

प्रयोगाची शिस्त

मराठी माणसाची ही प्रयोगशील वृत्ती अजून संपलेली नाही. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी दिवसातून दोनच वेळा जेवण्याचा विचार मांडला. ते २००४ साली गेले. पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तो आधी स्वतःवर करून पाहिला आणि मग घरोघरी पोहोचवला: भूक लागेल तेव्हा दोन जेवणे, प्रत्येक ५५ मिनिटांच्या आत, आणि जोडीला चालणे. आमच्या उज्जैनच्या मराठी घरांतही सकाळचे पोहे-जिलेबी सोडून तो नियम धरणारे आहेत. त्यात चांगली गोष्ट ही की सुरुवातीला आणि नंतर रक्ताची तपासणी करायला सांगितलेली असते.

नुसता उत्साह पुरत नाही, हेही इतिहासच सांगतो. गांधीजींनी १९२९ साली न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला, त्याविषयी 'यंग इंडिया'त लिहिले आणि प्रकृतीला मानवेना तेव्हा तो थांबवला. गोळ्यांच्या बाबतीत तर फारच जपायला हवे. बी-६ हे जीवनसत्त्व नसांसाठी म्हणून घेतले जाते, पण १९८३ साली डॉक्टरांनी दाखवून दिले की ते फार मोठ्या प्रमाणात महिनोन्महिने घेतले तर नसाच बिघडतात. ज्या मुंग्यांसाठी गोळी घ्यावी त्याच मुंग्या ती देते. फॉलिक ॲसिड एकटे घेतले तर बी-१२ च्या कमतरतेने आलेला पंडुरोग झाकला जातो आणि नसांची हानी आत चालूच राहते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असता एकाएकी जेवण तोडले तर साखर धोक्याच्या खाली उतरू शकते. फार दिवस चढलेली साखर फार झपाट्याने उतरवली तर काहींच्या पायांच्या वेदना काही काळ उलट भडकतात, हेही वैद्यकाला ठाऊक आहे.

म्हणून आम्हाला वाटते, मंडालेच्या जवातून घ्यायची ती शिस्त. एका वेळी एकच बदल करावा. सुरू करण्याआधी साखर, तीन महिन्यांची सरासरी आणि बी-१२ तपासून वहीत लिहावे. दुखणे किती, झोप किती, वजन किती याची नोंद रोज एका ओळीत ठेवावी. निदान तीन महिने टिकवावे. दोन दिवसांच्या आरामावर शेजाऱ्याला सल्ला देऊ नये. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी. बधिर पाय रोज रात्री उजेडात तपासावेत, कारण न कळलेली जखम हाच खरा घात आहे.

आहाराने सारे होते असा आमचा दावा नाही. मरू लागलेली नस परत जागी होईलच असे कुणी सांगू नये. पण साखर नीट राखली तर नसांचे पुढचे नुकसान कमी होते. १९९३ साली जाहीर झालेल्या अमेरिका-कॅनडातील मोठ्या अभ्यासात, ज्यांना लहान वयापासून इन्शुलिन लागते अशा रोग्यांत काटेकोर नियंत्रणाने नसांचा विकार सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाला. उतारवयातल्या मधुमेहात हा फायदा इतका मोठा दिसत नाही, तरी दिशा तीच आहे.

शिंदे सरकारांबरोबर आमचे पूर्वज माळव्यात आले, येथल्या बाफल्यांवर आणि शेवेवर आम्ही मराठी जीभ रुळवली, आणि सणाला मोदकही सोडले नाहीत. ते सोडायलाच हवेत असे नाही. पण दोन मोदक घेतले तर त्या दिवशीच्या ओळीत वहीत तसे लिहावे, आणि पानात एखादी जवाची भाकरी असावी. ज्यांनी हा उत्सव घरातून चौकात आणला, त्यांनी बंदिवासातही स्वतःच्या देहाचा हिशेब चोख ठेवला होता. बुद्धिदात्या गणरायाने आपल्या समाजातील प्रत्येक दुखऱ्या पावलाला तेवढी शिस्त आणि तेवढा धीर द्यावा, हीच प्रार्थना.

मंगलमूर्ती मोरया!