चौकटीबाहेरचे बाबा

राजा रविवर्मा म्हटलं की आपल्याला लक्ष्मी-सरस्वती आठवतात. १८९४ साली त्यांनी मुंबईत, गिरगावात छापखाना काढला आणि त्यांच्या देवता कोकणातल्या माजघरांपर्यंत पोचल्या. मालगुंडला आमच्या मुसलमान घरात त्या अर्थातच नव्हत्या. मी त्या शेजाऱ्यांकडे पाहिल्या. पण आज सांगायचं आहे ते त्यांच्या एका घरगुती तैलचित्राविषयी.

चित्र १८९३ सालचं. नाव इंग्रजी, ‘देअर कम्स पापा’. म्हणजे, ते बघ, बाबा आले! रविवर्म्यांची लेक महाप्रभा तान्ह्या मुलाला घेऊन उभी आहे. जवळ कुत्रा. मायलेकांची नजर डावीकडे, चौकटीच्या बाहेर. ज्यांच्या नावानं चित्र आहे, ते बाबा चित्रात नाहीतच.

योगायोग पाहा, आमच्या मालगुंडच्या केशवसुतांची ‘तुतारी’ त्याच वर्षीची. त्यांनी जुन्याविरुद्ध मोठ्यानं हाक दिली. रविवर्म्यांनी तेच हळू आवाजात केलं, असं काही अभ्यासक मानतात. केरळातल्या अशा घराण्यांत वंश आईकडून चाले. मूल आईच्या घरचं, घरात शब्द मामाचा, बाप येऊनजाऊन असायचा. तिथं आई, मूल, कुत्रा आणि बापाची वाट, असं युरोपी धर्तीचं कुटुंब रंगवणं म्हणजे मातृवंशाची अखेर सुचवणं, असा त्यांचा अर्थ.

मला तो अर्धाच पटतो. याच महाप्रभेला १८९५ साली मुलगी झाली, सेतुलक्ष्मी. त्रावणकोरच्या राजघराण्यानं १९०० साली तिला दत्तक घेतलं, कारण गादीला वारस मुलीच्या पोटचा लागे. पुढं १९२४ ते १९३१ तिनं राजप्रतिनिधी म्हणून राज्य चालवलं. केरळात ही पद्धत कायद्यानं मोडायला १९७५ साल उजाडलं. म्हणजे चित्रातले बाबा निघाले होते खरे, पण पोचायला त्यांना ब्याऐंशी वर्षं लागली!

आता चित्राचं नाव हातानं झाका आणि महाप्रभेचा चेहरा पाहा. मला तिथं आनंदाचं उधाण दिसत नाही. दिसतो तो वाट पाहण्याची सवय झालेल्या बाईचा शांतपणा. कदाचित हे माझं कोकणी डोळ्यांनी पाहणं असेल. इथले बाप मुंबईच्या गिरणीत, बोटीवर, आणि १९७०नंतर कुवेत-दुबईला. दोन वर्षांनी आलेल्या अब्बांकडे पोर जायला तयार नसे, आईच्या पदरात तोंड लपवी.

त्या काळी आमच्याकडच्या बायका मुलांना नवे कपडे घालून फोटो काढून घेत आणि तो आखातात पाठवत. त्या फोटोंतही बाप नसे. फरक इतकाच, की महाप्रभा बाजूला बघते आहे आणि या बायका थेट समोर. फोटो ज्याच्या हातात पडणार, तो समोरच उभा आहे अशा.