'बॅकनेट' मानकातील उपकरणविषयक परिभाषा : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

मोठ्या इमारतीतील वातानुकूलन, प्रकाशयोजना, अग्निसूचना आदी यंत्रणा संगणकीय नियंत्रकांद्वारे चालविण्याची पद्धत १९८० च्या दशकात रूढ होऊ लागली. मात्र प्रत्येक उत्पादकाचे नियंत्रक स्वतःच्याच संकेतप्रणालीत संदेश पाठवीत. परिणामी एका कंपनीची यंत्रणा एकदा बसविली की विस्तार व दुरुस्तीसाठी इमारतीचा मालक त्याच कंपनीशी बांधला जाई. या परावलंबनावर उपाय म्हणून 'बॅकनेट' हे मानक पुढे आले. त्याचा इतिहास केवळ तंत्रज्ञानाचा नसून परिभाषेचाही आहे. उपकरण कशास म्हणावे आणि त्याची क्षमता कोणत्या शब्दांत नोंदवावी, यावर ग्राहकाचे निवडस्वातंत्र्य अवलंबून होते, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

समान परिभाषेचा आरंभ

अमेरिकेतील तापन, शीतन व वातानुकूलन अभियंत्यांच्या 'अ‍ॅशरे' या संस्थेने नेमलेल्या समितीची पहिली बैठक जून १९८७ मध्ये टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे झाली. कॉर्नेल विद्यापीठातील मायकेल न्यूमन हे समितीचे अध्यक्ष होते. दीर्घ चर्चेनंतर १९९५ मध्ये मानक १३५ प्रसिद्ध झाले. २००३ मध्ये त्यास आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला.

समितीने उत्पादकांना नियंत्रकाची अंतर्गत रचना बदलावयास सांगितले नाही. जाळ्यावर त्याचे दर्शनी रूप कसे असावे, एवढेच ठरविले. त्यासाठी 'ऑब्जेक्ट' ही संज्ञा स्वीकारण्यात आली. तापमापकाचे वाचन हा एक ऑब्जेक्ट, पंखा चालू वा बंद करणारी आज्ञा हा दुसरा. ऑब्जेक्टचे नाव, वर्तमान मूल्य, एकक इत्यादी तपशिलांना 'गुणधर्म' म्हटले गेले. ते वाचण्याच्या वा बदलण्याच्या क्रियांना 'सेवा' हे नाव मिळाले. १९९५ च्या आवृत्तीत असे १८ प्रमाणित ऑब्जेक्ट-प्रकार होते.

प्रत्येक उपकरणात 'डिव्हाइस' नावाचा एक आणि एकच ऑब्जेक्ट असणे बंधनकारक करण्यात आले. त्यात उत्पादक, प्रारूप आणि अन्य ऑब्जेक्टांची यादी नोंदलेली असते. त्याचा क्रमांक ० ते ४१,९४,३०२ या मर्यादेत असतो व संपूर्ण जाळ्यात तो अन्य कोणत्याही उपकरणास देता येत नाही. 'कोण आहे' या अर्थाच्या संदेशास उपकरण 'मी आहे' असे उत्तर देते आणि त्यात हाच क्रमांक कळविते. अशा रीतीने उपकरणाची ओळख उत्पादकाच्या खासगी नोंदवहीतून बाहेर पडून सर्वांना वाचता येईल अशा स्वरूपात आली.

श्रेणीकडून जोडीकडे

१९९५ च्या आवृत्तीत उपकरणांच्या क्षमतेसाठी १ ते ६ अशा अनुरूपता-श्रेणी होत्या. परंतु श्रेणीवरून दोन विशिष्ट उपकरणे परस्परांशी कोणते कार्य करू शकतील, हे नेमके समजत नसे. म्हणून २००१ च्या आवृत्तीत श्रेणी वगळून 'बिब्ज' ही संकल्पना आणण्यात आली. विदा-विनिमय, इशारे, वेळापत्रक, कलनोंद आणि उपकरण व जाळे व्यवस्थापन अशा पाच क्षेत्रांत प्रत्येक क्षमता 'अ' आणि 'ब' अशा जोडीने मांडली गेली. सामान्यतः 'अ' बाजू मागणी करते, 'ब' बाजू ती पुरविते. एका उपकरणात 'अ' आणि दुसऱ्यात 'ब' असेल, तरच ते कार्य साधते. क्षमतेचे वर्णन येथे प्रथमच परस्परसंबंधाच्या भाषेत झाले. त्यामुळे निविदापत्रात मोघम शब्दांऐवजी तपासता येईल अशी अट घालणे ग्राहकास शक्य झाले.

परिभाषेच्या मर्यादा

समान परिभाषेने परावलंबन पूर्णतः संपले, असे मात्र म्हणता येत नाही. ऑब्जेक्ट-प्रकारांपैकी ० ते १२७ हे क्रमांक अ‍ॅशरेसाठी राखीव असून १२८ ते १०२३ उत्पादकांना स्वतःच्या प्रकारांसाठी खुले आहेत. नवनिर्मितीस वाव देणारी ही तरतूद जुन्या बंदिस्तपणासही वाट देते. 'राउटर' आणि 'गेटवे' या संज्ञांतील भेदही दुर्लक्षिता येत नाही. राउटर संदेशाचा आशय न बदलता तो दुसऱ्या जाळ्यावर नेतो. गेटवे परक्या संकेतप्रणालीचे भाषांतर करतो, आणि ज्याचे भाषांतर झाले नाही ते ग्राहकास दिसतच नाही. सुरक्षेची परिभाषाही उशिरा विकसित झाली. कूटबद्ध व प्रमाणित जोडणीसाठीचे 'सिक्युअर कनेक्ट' २०१९ मध्ये मानकात आले.

समारोप

बॅकनेटच्या इतिहासावरून असे दिसते की, मानकाचे बळ तारांइतकेच संज्ञांच्या नेमकेपणात असते. 'उपकरण बॅकनेटयुक्त आहे' या विधानाने फारसे काही सिद्ध होत नाही. कोणते ऑब्जेक्ट, कोणत्या सेवा आणि जोडीतील कोणती बाजू, हे विचारल्यावरच त्यास अर्थ प्राप्त होतो. १९८७ मध्ये सुरू झालेल्या प्रयत्नांनी हे प्रश्न विचारण्याची भाषा ग्राहकाच्या हाती दिली. ती न शिकणारी संस्था खुले मानक स्वीकारूनही पूर्वीइतकीच बांधलेली राहू शकते.