शाळेची सहल निघाली? संमतीपत्रावर सही करण्याआधी हे विचारा

धर्माबाद : दिवाळी झाली की शाळांच्या सहलींचे वेध लागतात. धर्माबादकरांना बासरचे सरस्वती मंदिर जवळ. पण दर्शन झाले की पोरं गोदावरीच्या घाटाकडे पळतात, आणि खरा धोका तिथेच असतो.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतील १४ विद्यार्थी बुडाले. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात बोट उलटून १२ विद्यार्थी व २ शिक्षिकांचा जीव गेला. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त जण होते, अनेकांना लाइफ जॅकेटच नव्हते.

पालकांनी शाळेला विचारावे :

- शिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी आहे का?
- गाडी एसटीची आहे का? शालेय सहलीला एसटी भाड्यात ५० टक्के सवलत देते.
- दहा मुलांमागे एक शिक्षक आहे का? मुलींसोबत शिक्षिका आहेत का?
- नदी, तलाव, धबधबा वाटेत आहे का? तिथे पोरांवर लक्ष कोण ठेवणार?
- रात्रीचा प्रवास आहे का? प्रथमोपचार पेटी घेतली का?

मुलांना काय सांगावे?

विहिरीत पोहणाऱ्यालाही वाहत्या पाण्याचा अंदाज येत नाही. घाटाच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर उतरू नका. कोणी बुडत असेल तर मागे उडी मारू नका; आरडाओरडा करा, दोर, काठी किंवा ओढणी फेका.

पालकांचा मोबाइल नंबर चिठ्ठीवर लिहून मुलाच्या खिशात ठेवा. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. उत्तरं समाधानकारक नसतील तर सही करू नका.