बाळंतविडा ते बेबी केअर किट : नवजाताच्या गाठोड्याचा इतिहास

मराठी घरात ‘किट’ हा शब्द येण्याच्या कितीतरी आधी ‘बाळंतविडा’ होता. बाळंतिणीसाठी डिंक, खारीक, खोबरे, ओवा, बाळंतशेपा; बाळासाठी झबली, टोपरी, कुंची, दुपटी. माहेरच्यांनी आणि आप्तेष्टांनी आणलेले हे गाठोडे येई ते मात्र जन्मानंतरच. जन्माआधी नवे कपडे शिवणे अनेक घरांत अशुभ मानले जाई. म्हणून बाळाच्या अंगाला पहिले लागे ते जुन्या धोतराचे वा लुगड्याचे, धुऊन धुऊन मऊ झालेले कापड. ते उन्हात वाळवलेले असेल तर ही निवड वाईट नव्हती. अडचण होती ती जिथे घरात दुसरे लुगडेच नसे तिथे.

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि जव्हार-मोखाडा तिकडे गेले. तेव्हापासून ‘ठाणे जिल्हा’ म्हटले की शहरेच डोळ्यांसमोर येतात. पण शहापूर आणि मुरबाड ठाण्यातच राहिले. मुंबईला पाणी देणारी तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच डोंगरपट्ट्यात कातकरी, ठाकूर, वारली, महादेव कोळी यांचे पाडे आहेत. दिवाळीनंतर त्यांतील अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. बाळंतपण आरोग्य केंद्रात होईल, पाड्यावर होईल की भट्टीवरच्या झोपडीत, हे पुष्कळदा प्रसूतीचा महिनाच ठरवतो.

अशा घरातील बाळाचे गाठोडे कोणी बांधायचे? शासनसंस्थेने या प्रश्नाला दिलेले सर्वांत प्रसिद्ध उत्तर फिनलंडचे. १९३० च्या दशकात त्या देशात हजारी सुमारे ६५ बालके पहिला वाढदिवस पाहत नसत. १९३७ मध्ये कायदा झाला आणि १९३८ पासून गरीब मातांना कपडे, अंथरूण असे साहित्य मिळू लागले. १९४९ मध्ये ते सर्व मातांना खुले झाले, पण एका अटीवर : गरोदरपणाचा चौथा महिना संपण्यापूर्वी तपासणी झाली पाहिजे. त्या पेटीची ख्याती तिच्यातल्या चिमुकल्या गादीमुळे झाली. खरे काम केले ते या अटीने. कपड्यांच्या ओढीने बाई दवाखान्यापर्यंत आली.

महाराष्ट्रात याच्या उलट दिशेने विचार झाला तो गडचिरोलीत. जी बाई दवाखान्यापर्यंत येऊच शकत नाही, तिच्यापर्यंत दवाखाना कसा न्यायचा, हा डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेचा प्रश्न होता. १९९३ पासून चाललेल्या प्रयोगात ३९ गावांतील बायकांना नवजाताची काळजी घेण्याचे शिक्षण देण्यात आले. तान्ह्याचे, विशेषतः कमी वजनाच्या बाळाचे, अंग फार लवकर गार पडते, कारण त्वचेखाली चरबी कमी आणि देहाच्या मानाने डोके मोठे. म्हणून टोपडे, घोंगडी, बाळाला गुंडाळून ठेवण्याची उबदार पिशवी अशा साध्या वस्तू तिथे औषधाइतक्याच मोलाच्या ठरल्या. तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हा अभ्यास छापला. २०११ मध्ये केंद्र सरकारने गृहाधारित नवजात काळजी हा कार्यक्रम देशभर घेतला : दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताईंच्या सहा भेटी, घरी जन्मलेल्याकडे सात, आणि त्यांच्या पिशवीत वजनकाटा, थर्मामीटर, घड्याळ, घोंगडी.

वस्तूंचा संच वाटण्याची लाट त्यानंतरची. २०१५ मध्ये तामिळनाडूत सोळा वस्तूंचा अम्मा संच आला, २०१७ मध्ये तेलंगणात केसीआर किट. २०१९ मध्ये महाराष्ट्राने शासकीय संस्थेत बाळंत होणाऱ्या मातांसाठी बेबी केअर किट योजना सुरू केली. सुमारे २००० रुपयांचा तो संच ठेवला गेला पहिल्या अपत्यापुरता. इथे आकडेमोडीपेक्षा भूगोलाचा विचार व्हायला हवा होता. पाड्यावरच्या घरात दुसरे-तिसरे मूलही तितक्याच थंडीत जन्मते, आणि पहिल्याची दुपटी तोवर विरलेली असतात.

दात्यांनी बांधलेल्या गाठोड्यांना अर्थ येतो तो या पोकळीत. ती बांधताना कपडे धुऊन, कडक उन्हात वाळवूनच घडी घालावे लागतात. टोपडे आणि पायमोजे वर ठेवायचे, कारण पहिल्या तासात तेच लागतात. साबणाची वडी आईच्या हातांसाठी. बाळाला किमान चोवीस तास आंघोळ नको, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

एका वस्तूला मात्र कायद्यानेच मज्जाव आहे, आणि नेमकी तीच वस्तू दानशूरांना प्रथम सुचते : दुधाची भुकटी आणि बाटली. १९९२ च्या कायद्याने अनाथालयांखेरीज कोणालाही ती दान करणे निषिद्ध ठरवले. जिथे पाणी डोक्यावरून आणायचे आणि सरपण जपून जाळायचे, तिथे बाटली उकळणार कोण? फुकटचा डबा संपतो तोवर आईचे दूध आटलेले असते. त्या जागी एक जादा दुपटे बरे. पावसाळ्यात पाड्यावर लंगोट वाळायला दोन-दोन दिवस लागतात.